कपाचा कान

शेजारचे शरदराव घरात आले की आधी वस्तूंना माप लावतात, मग माणसांची चौकशी करतात. परवा ते माझ्या मिक्सरचं बटण मोजत उभे होते. मी म्हटलं, "ते चांगलं आहे. हात लावू नका."

"मोडल्यावर माप कुठून आणायचं, मावशी?"

कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना टाळतात. सेक्रेटरी तर दाराआडूनच सांगतात, "शरदभाई, बधुं बराबर छे," म्हणजे सगळं ठीक आहे, आत येऊ नका. वाघोडियाच्या एका कारखान्यात शरदराव प्लास्टिकच्या वस्तू छापतात. कागदावर नाही. यंत्र प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर घालतं, चकलीचा सोऱ्या आपला आपण फिरावा तसं. बाटल्या उचलणाऱ्या यंत्रांची बोटं, जुन्या मशिनची न मिळणारी चाकं, कामगारांच्या अवजारांच्या मुठी. "साचा नको, थांबणं नको," हे ऐकून माझे कान किटले आहेत. माझ्या कुकरला त्यांनी हँडल करून दिलं. पहिल्याच वरणाला त्यानं मान टाकली. "उष्णतेला नायलॉनच हवं," म्हणाले, तेही खुशीत. ओटा मी पुसला.

दिवाळीनंतर ते रोज सकाळी कणकेचा गोळा मागायला लागले.

"पोळ्याच न्या ना," मी म्हटलं.

"पोळीवर बोटं उठत नाहीत."

या वयात लोकांची वेडं समजून घ्यायचा कंटाळा येतो. मी गोळा देत गेले.

त्यांची बायको कुमुद. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा उजवा हात मुठीत वळून राहिला, डाव्यातही जोर नाही. दुसऱ्याच्या हातून प्यायचं नाही म्हणून तिनं आधी चहा सोडला. मग जेवणही घास-दोन घासांवर आलं. डॉक्टर नाकातून नळी घालून भरवायची भाषा बोलायला लागले होते.

एक दिवस शरदराव आले नाहीत, म्हणून गोळा मीच घेऊन गेले. ते तिच्यापुढे जमिनीवर बसले होते. खिडकीत कपांचे फसलेले कान रांगेनं मांडलेले.

"कारखान्यात कामगाराच्या हातात माती देतो आणि मुठीचं माप घेतो," ते मला म्हणाले. "हिला मातीचा वास सोसत नाही."

"आधी माझ्या डाव्या हाताचं माप उलटं करून हे कान केलेत ना?" कुमुद म्हणाली.

"चुकलंच. तो हात उघडतो. हा उघडत नाही, हे मला मान्यच करायचं नव्हतं."

त्यांनी गोळा तिच्या मुठीत सरकवला आणि वरून आपले दोन्ही हात धरून बसले. दाबले नाहीत, नुसते धरले.

पुढच्या आठवड्यात नवा कप आला. राखाडी, बेढब कान. "काय कुरूप आहे," मी म्हटलं. कुमुदची मूठ त्यात जशीच्या तशी शिरली. कप उचलला, थरथरला, बराचसा चहा साडीवर गेला. उरलेला ती प्यायली.

"साखर कमी घातलीत," ती म्हणाली.

शरदराव साखर आणायला आत गेले. डबा ओट्यावर समोरच असतो, मला माहीत आहे. तरी त्यांना बाहेर यायला बराच वेळ लागला. आम्ही दोघींनी हाक मारली नाही.