निकाल उद्या सकाळी

नांदुऱ्याच्या बाजारात दोन ऑटोवाले एकमेकांची कॉलर धरून उभे राहिले की माणसं बाजूला होतात. रऊफ सर मधे शिरतात. खिशातून वही काढतात, चष्मा पुसतात आणि विचारतात, "आता काय म्हनला बे? पुन्हा म्हन, लिहू दे."

मी पाहिलेल्या भांडणात एकाने विचारलं होतं, हा रस्ता काय तुह्या बापानं बांधला? दुसरा हात उगारून उत्तर देणार, तोच सरांनी त्याला अडवलं. "हा रेटॉरिकल क्वेश्चन हाये. याले उत्तर नसते. तू काऊन तकलीफ घेऊन राह्यला?" तो बिचारा विचारात पडला, तेवढ्यात पहिल्याची सवारी आली आणि भांडण विरलं. जाता जाता सर सांगून गेले, निकाल उद्या सकाळी.

सरांनी उभी हयात आमच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. मी त्यांचा अस्सल ढ विद्यार्थी. आता बाजारातच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पुस्तकातली टॉम आणि मेरीची वाक्यं सरांना बेचव लागायची. असर्टिव्ह, इंटरॉगेटिव्ह, इम्परेटिव्ह, सगळी उदाहरणं ते बाजारातून आणायचे. मिरचीचा भाव ऐकून गिऱ्हाईक जे बोलतं ते एक्स्क्लेमेटरी. आम्ही त्याचं इंग्रजी करायचो आणि मार खायचो. पण आपल्या गावातली माणसं किती झकास बोलतात, हे मला त्यांनीच ऐकवलं. एवढ्यासाठी मी त्यांना आयुष्यभर मानेन.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, आमच्या चाचींना, लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तोवर बाजार चाचीच करायच्या, आणि त्यांच्याशी घासाघीस करताना भाजीवाल्यांना घाम फुटायचा. आता पिशवी सरांच्या हातात आली. सोबत वही. ऐकलेलं वाक्य लिहायचं, दुसऱ्या सकाळी मार्क सांगायचे. शाळेत दहापैकी द्यायचे, आता पाचपैकी. मी कारण विचारलं तर म्हणाले, नवा पॅटर्न.

बाजाराला मार्कांचं खूळ लागलं. भाजीवाली कमळाबाई तर सकाळी भाजीवर पाणी मारतानाच वाक्यं जुळवायची. एकदा तिने आपल्या मिरचीने हवालदाराला रडवल्याचं सांगितलं. तीनच मार्क. ती फुगून बसली. सरांनी समजूत घातली, की बाई, ते खरं वाटलं. हायपरबोली, म्हणजे अतिशयोक्ती, खरी वाटली की मार्क जातात. पाचपैकी पाच अजून कोणाला मिळाले नव्हते.

मागच्या आठवड्यात ओट्यावरून उतरताना सरांचा पाय मुरगळला. त्यांचा मला फोन आला. भाजी नाही आणली तरी चालेल, पण चार-पाच वाक्यं आण. "रिकाम्या हातानं येऊ नको बे. ते वाट पाहून राह्यली." कोण, ते मी विचारलं नाही. पाय दुखतोय तर गप पडावं की, असं मनात म्हणत वाक्यं गोळा केली आणि घरी गेलो.

चाची खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. सर लंगडत त्यांच्यासमोर बसले आणि मी आणलेली वाक्यं वहीत उतरवून एकेक वाचायला लागले, कमळाबाईचं तिच्या आवाजात, ऑटोवाल्याचं त्याच्या. चाची डोळे मिटून ऐकायच्या, जरा विचार करायच्या आणि डावा हात वर करायच्या. दोन बोटं. मग तीन. सर मान डोलावून मार्क लिहून घेत होते.

चाचींचा तो एकच हात चालतो. पाचपैकीचा पॅटर्न मला तेव्हा कळला.

शेवटचं वाक्य कमळाबाईचं होतं. "भेंडी एवढी कवळी हाये, का चाकू पाहूनच कापल्या जाते." चाचींचे खांदे हलायला लागले. तोंड एका बाजूनेच हसत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हाताचा पंजा पूर्ण उघडला होता. सर वही विसरून त्यांच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम कमळाबाईकडे गेलो आणि पाचपैकी पाच म्हणून सांगितलं. मला वाटलं, सगळ्या बाजाराला ओरडून सांगेल. तिने मार्कांकडे लक्षच दिलं नाही. हातातली जुडी खाली ठेवून हळूच विचारलं, "हासली काय चाची?"

"हाव," मी म्हणालो. "लय."

तिने पदराने डोळे पुसले आणि वांग्यांवर पाणी मारत पुटपुटायला लागली. उद्याचं वाक्य जुळवत होती.