मुदतीआधीचा कौल

"निवडणूक अंगावर येऊन आदळायची वाट बघत बसतो, तो बावळट! हुशार माणूस निवडणूक स्वतः लावतो. गजर लावतात तशी!"

गालावर दाढीचा फेस तसाच ठेवून चेअरमनसाहेबांनी हे आरशाला सुनावलं. आरसा काही बोलला नाही. वहिनी बोलल्या.

"अहो, पण चाललंय ते बरं चाललंय ना? कशाला उगाच?"

"बरं चाललंय म्हणूनच! तुला वेळेचं गणित नाही कळायचं."

चेअरमनसाहेबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची थांबलेली वेळ ते चालू करून द्यायचे. त्यामुळे वेळ या विषयावर जगात शेवटचा शब्द आपलाच, असं ते धरून चालत. लग्नाच्या दिवशी ते स्वतः उशिरा पोचले होते, ही गोष्ट वहिनी वर्षातून एकदाच काढायच्या. पण काढायच्या!

आता ज्या इमारतीचे ते चेअरमन होते तिच्याबद्दल सांगायला हवं. बाकीच्या सोसायट्यांना असतात तसले साधेसुधे नियम या इमारतीला नव्हते. संसदेच्या सचिवालयात हयात घालवलेले एक गृहस्थ इथे पहिल्यांदा राहायला आले आणि निवृत्तीत वेळ जाईना म्हणून त्यांनी सोसायटीची घटनाच लिहून काढली. सात मजले, प्रत्येक मजल्याचा एक निवडून आलेला सदस्य. ज्याच्या मागे जास्त सदस्य, तो चेअरमन. त्याच्या वर, राष्ट्रपती असतात तसे, सहीपुरते एक अध्यक्ष. समितीची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. मधेच अविश्वास ठराव मंजूर झाला, तर चेअरमन घरी. आणि मुदत संपायच्या आत चेअरमनला वाटलं, तर त्याने अध्यक्षांना सल्ला द्यायचा, अध्यक्षांनी समिती बरखास्त करायची आणि नव्याने निवडणूक! ही तारीख निवडायची किल्ली चेअरमनच्या खिशात.

अशी किल्ली खिशात असल्यावर माणसाच्या हाताला खाज सुटणारच.

शिवाय साहेबांचं बहुमत होतं चार विरुद्ध तीन. त्या चारांतला चौथा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी. त्याला बैठकीत चहा थंड मिळाला तरी तो "मी विचार करतोय हं" असं म्हणायचा, आणि त्याने विचार करायला घेतला की चेअरमनसाहेब बोटांवर बहुमत मोजायला लागायचे. चार वर्षं त्यांनी शिंप्याचा चहा स्वतः फुंकर न घालता, वाफाळता, पळत पळत नेऊन दिला होता. आता पुरे! या महिन्यात लिफ्ट सुरळीत, नळाला पाणी, गच्ची गळायची थांबलेली. लोक जिन्यात भेटले की हसत होते. अशा हवेत निवडणूक घेतली, तर सातच्या सात आपले. मग शिंप्याने थंड चहा प्यावा नाहीतर गार सरबत!

दाढी उरकून ते तळमजल्यावर अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त कप्तानसाहेब. जहाजं सुटली होती, दुर्बीण सुटली नव्हती. खिडकीत बसून ते फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवायचे.

"सल्ला द्यायला आलोय," चेअरमनसाहेब म्हणाले. "समिती बरखास्त करा."

"का? अविश्वास आला?"

"छे! कुणाची टाप आहे?"

"मग कामं अडलीत? मंजुऱ्या मिळत नाहीत?"

"सगळ्या मिळतात."

"मग लिफ्ट पडली बंद."

"लिफ्ट लोण्यासारखी चालतेय, कप्तानसाहेब! म्हणून तर!"

कप्तानांनी दुर्बीण खाली ठेवली. त्यांना खरंच कुतूहल वाटलं.

"मी पुष्कळ बंदरं पाहिली," ते म्हणाले. "काही देशांत निवडणुकीची तारीख कायद्यानेच बांधलेली. पंतप्रधान कितीही तळमळला तरी हलत नाही. काही देशांत तारीख पंतप्रधानाच्या हातात. वारा बघायचा आणि शीड सोडायचं. यातले काही जण दणक्यात जिंकून आले. आणि काही जण, बहुमत वाढवायला गेले ते होतं तेही घालवून आले. कारण माहितीय?"

"त्यांना वेळ कळत नव्हती!"

"बघा हं. भर समुद्रात सगळं शांत असताना मी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटं वाटली असती, तर त्यांना काय वाटलं असतं?"

"काळजी घेणारा कप्तान आहे, असं."

"बरं," कप्तान म्हणाले आणि त्यांनी सही केली. "मला विचारायचा अधिकार आहे, तो वापरला. बजावायचा आहे, तोही वापरला. सही न करायचा अधिकार असला तरी तो न वापरण्यात शहाणपण असतं. जा."

दुपारी लिफ्टशेजारच्या फलकावर सूचना लागली. समिती बरखास्त, पुढच्या महिन्यात मतदान, तोवर विद्यमान चेअरमन काळजीवाहू. सूचनेपुढे पहिला उभा राहिला शिंपी. गळ्यात टेप, दातात टाचणी. टाचणी काढून त्याने एकच प्रश्न विचारला.

"आत्ताच का?"

मंडळी, दोन शब्दांचा प्रश्न! पण संध्याकाळपर्यंत तो सातही मजले चढून गच्चीवर पोचला होता.

"वर्ष बाकी असताना आत्ताच का हो?"

"अहो, काहीतरी बाहेर यायचं असणार. ते यायच्या आत निवडून यायचंय."

"काय यायचं असेल?"

"गच्ची! वरून नुसता रंग फासलाय म्हणे."

"गच्ची कसली, पाया! पाया खचतोय!"

"मी सांगतो, लिफ्ट. एवढी गुळगुळीत लिफ्ट मी जन्मात पाहिली नाही. मरायच्या आधी माणसाला तरतरी येते तसं आहे ते."

हे शेवटचं शिंप्याचं. त्याचं बोलणं मापात असतं, त्यामुळे लोकांना ते पटतं. दुसऱ्या दिवसापासून लिफ्ट रिकामी धावू लागली आणि जिन्यात गर्दी झाली. चेअरमनसाहेबांना कुणी थांबवून विचारलं की ते छातीवर हात ठेवून सांगायचे, "शपथ घेऊन सांगतो, सगळं उत्तम आहे!" त्यांनी शपथ घेतली की ऐकणारा घरी जाऊन भिंतींना भेगा आहेत का ते तपासायचा.

शेवटी त्यांनी ठरवलं, लोकांना दाखवूनच द्यायचं! दुकानाला फळी लावली आणि स्वतः लिफ्टमध्ये उभे राहिले. खाली-वर, वर-खाली. जिन्याने धापा टाकत जाणाऱ्यांना जाळीतून हात हलवायचे.

"या की! बघा, आहे की नाही सुखरूप?"

"एवढं दाखवायला लागतंय, म्हणजे बघा," लोक एकमेकांना म्हणायचे आणि पुढची पायरी चढायचे.

सातव्या मजल्यावर, साहेबांच्या समोरच्याच दारात, नर्सबाई राहायची. इस्पितळात दिवसभर उभं राहून आलेली बाई, तिला सात जिने परवडणारे नव्हते. ती एकटीच लिफ्टने यायची. एका संध्याकाळी ती साहेबांबरोबर वर येत होती, तेव्हा तिने कान टवकारले.

"काका, ऐकलंत? घरघर येतेय. दम्याच्या पेशंटसारखी. माणूस बोलावून दाखवून घ्या."

चेअरमनसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या सकाळीच तिने त्यांच्याविरुद्ध सातव्या मजल्यावरून अर्ज भरला होता. समोरचं दार, आणि विरोधात! आता ही बाई लिफ्टलाही आपल्या प्रचाराला जुंपतेय!

"बाई," ते गोड आवाजात म्हणाले, "मी काळजीवाहू आहे. नियम वाचा. दिवा, झाडू, पाणी, एवढाच नेहमीचा खर्च. लिफ्टचं काम म्हणजे धोरण. ते नव्या समितीनेच करायचं. नियम म्हणजे नियम!"

"बरं," नर्सबाई म्हणाली. "पण श्वास मोजायला मला शिकवू नका."

लिफ्टला नियम पाठ नव्हते. एवढी वर्षं ती सकाळ-संध्याकाळच काय ती धावलेली, आता साहेब तिला दिवसभर नाचवत होते. रविवारी भर सकाळी, सगळे रहिवासी घरात असताना, साहेब जाळीतून हात हलवत असताना, चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधोमध तिने एक मोठा उसासा टाकला आणि ती थांबली.

"अरे!" आतून आवाज आला. "अरे, थांबली!"

सगळी इमारत जिन्यात जमली. पाचव्या मजल्यावरून साहेबांचा जाळीला टेकलेला चष्मा दिसत होता, चौथ्यावरून त्यांच्या चपला.

"मेकॅनिकला बोलवा!" चष्मा ओरडला.

शिंप्याने घसा साफ केला. "बोलवलं असतं हो. पण लिफ्टचं काम म्हणजे धोरण. समितीची मंजुरी लागते. आणि समिती तर तुम्हीच बरखास्त केली!"

"मी चेअरमन आहे! मी मंजूर करतो!"

"काळजीवाहू," शिंपी चपलांकडे बघून नम्रपणे म्हणाला. "दिवा, झाडू, पाणी."

"पाणी लागलं तर देऊ शकतो," कुणीतरी मदत म्हणून सुचवलं.

"नव्या समितीपर्यंत थांबता येईल का त्यांना?" आणखी कुणीतरी अगदी मनापासून विचारलं. "पुढच्या महिन्यात तर मतदान आहे."

"तू गप्प बस! कप्तानांना बोलवा!"

वहिनी सातव्यावरून धावत आल्या आणि जाळीतून त्यांनी चपलांना विचारलं, "नाश्ता झाला होता का तुमचा?" नर्सबाईने जाळीतून हात घालून साहेबांच्या घोट्याशी नाडी बघितली आणि "जलद आहे, पण आहे," असं जाहीर केलं. कप्तानसाहेब दुर्बीण घेऊन चार जिने चढून आले. त्यांनी थोडा श्वास घेतला, दुर्बिणीतून आधी चपला पाहिल्या, मग वर जाऊन चष्मा पाहिला आणि निवाडा दिला.

"माणूस बाहेर काढणं हा दैनंदिन कारभार आहे. लिफ्ट दुरुस्त करणं हे धोरण. मेकॅनिकने माणूस काढावा आणि लिफ्ट आहे तिथे सोडावी."

आणि तसंच झालं! मेकॅनिकने हाताने दांडा फिरवून लिफ्ट वीतभर वर घेतली. साहेबांना काखांखाली धरून, कपाटामागे पडलेली छत्री ओढतात तसं ओढून काढलं. लिफ्ट तिथेच राहिली. मतदानापर्यंत येता-जाता प्रत्येक मतदार तिच्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. साहेब प्रचाराला कुठेही गेले तरी लोक आधी पाणी विचारत. सातव्या मजल्यावर जायचं म्हणजे त्यांनाही दमच लागलेला असायचा.

मतदानाच्या दिवशी कप्तानांनी तळमजल्यावर पेटी ठेवली. कापडाच्या आडोशामागे जाऊन ज्याने त्याने चिठ्ठी टाकली. संध्याकाळी मोजणी झाली. शिंपी आपल्या मजल्यावर घसघशीत मतांनी आला. सातव्या मजल्यावरून नर्सबाई आली, एका मताने. जुन्या दोन्ही बाजूंचे उरलेले सहाही सदस्य एकमुखाने तिच्या मागे उभे राहिले आणि ती चेअरमन झाली. पहिल्याच बैठकीत लिफ्टचं काम मंजूर झालं. शिंप्याला चहा आपसूक गरम मिळाला.

माजी चेअरमनसाहेब घरी येऊन खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी आपल्या मजल्यावरची मतं मनातल्या मनात लावून पाहिली. नर्सबाई स्वतः आणि शेजारचे दोघे, तिची ही तीन मतं धरलेलीच होती. पलीकडचे म्हातारे काका-काकू आपले. त्यांनी तर हात हातात घेऊन सांगितलं होतं. घरातली दोन धरून चार. मग जमतंय की! मग अडलं कुठे?

"एका मताने गं!" ते कळवळून म्हणाले. "एका! कोण असेल?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

साहेबांचा चष्मा नाकावरून घसरला.

"तू? लिफ्टपायी?"

"लिफ्टचं काय हो, बंद पडते, चालू होते. तुमचं एक वर्ष राहिलं होतं. बैठका, भांडणं, दारात तक्रारी, जेवताना उठणं. म्हटलं, चार काढली, तसं पाचवंही काढीन. आणि तुम्ही आणखी पाच मागायला निघालात! आणि त्यावर मलाच विचारता, कौल दे!"

साहेबांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग साहेबांच्या आतला घड्याळजी हळूच जागा झाला. दुखऱ्या कुतूहलाने त्यांनी विचारलं,

"आणि मी मुदत पुरी करून निवडणूक घेतली असती तर? तेव्हा दिलं असतंस मत?"

वहिनींनी नीट विचार केला. बाई हिशेबाला पक्की.

"नसतंच दिलं," त्या म्हणाल्या. "पण आणखी एक वर्ष चेअरमन तरी राहिला असतात!"