हलू नोका!

बस वेळेवर सुटली की आमच्या सुदामभाऊंचं डोकं फिरतं. आता तुम्हीच सांगा, हा गृहस्थ बसस्टँडवरचा वाहतूक नियंत्रक. गाड्या वेळेवर सोडण्याचाच पगार घेतो. आणि अकोल्याची गाडी वेळ झाल्याबरोबर फलाटावरून हलली की हाच केबिनमधून ड्रायव्हरवर ओरडतो, "काहून बे, एवढी काय घाई झालती तुले? बुढ्याचा कान राह्यला ना!"

कान राहिला म्हणजे काढायचा राहिला. सुदामभाऊ चित्रं काढतात. जुन्या वेळापत्रकांचे पाठकोरे कागद आणि काळा बॉलपेन, बाकी काही लागत नाही. माणसं मात्र समोर लागतात, तीही गाडीची वाट पाहणारी. आमचं गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधात, त्यामुळे वाट पाहणाऱ्यांचा तोटा नाही. दुःख एकच, वाट पाहणारा माणूस गाडी आली की उठतो. मग कुणाचा कान राहतो, कुणाचा पदर, कुणाच्या मांडीवरचं लेकरू. भाऊंच्या केबिनमध्ये असे अर्ध्यावर सोडून गेलेले लोक गठ्ठ्यांनी पडलेले आहेत.

मी शेजारच्या पासच्या खिडकीत बसतो. मधली काच कधीकाळी फुटली ती कुणी बसवली नाही, त्यामुळे या माणसाचा प्रत्येक संताप मला फुकटात ऐकावा लागतो. आणि माइक! सरकारनं माइक गाड्या पुकारायला दिला आहे की नाही? एकदा भर दुपारी माझ्या कानांनी ऐकलं, "परतवाड्याच्या गाडीची वाट पाहनाऱ्या हिरव्या लुगड्यातल्या काकूंनी मान डावीकडेच ठेवावी. हलू नोका!" काकू बिचाऱ्या सरकारी हुकूम समजून पुतळ्यासारख्या बसल्या. परतवाड्याची गाडी आली, उभी राहिली, निघून गेली. मग काकूंनी केबिनच्या दारात उभं राहून भाऊंच्या सात पिढ्यांचा जो उद्धार केला, तो इथं लिहिता येत नाही. भाऊंनी काय करावं? माफी मागावी? त्यांनी नवा कागद ओढला आणि म्हणाले, "हा राग असाच ठेवा काकू, लय झ्याक दिसून राह्यला."

अकोल्याच्या एका मुलांच्या मासिकानं एकदा त्यांना गोष्टीसाठी चित्रं काढायला सांगितली. गोष्ट वाघाची होती. भाऊंनी वाघ काढला, तो बाकावर बसलेला, पायाशी वायरची पिशवी आणि तोंडावर गाडी चुकल्याचा भाव. संपादकांनी फोन करून विचारलं, हे काय? "मंग वाघाले का गाव नसते?" भाऊ उलट त्यांच्यावरच चिडले. चित्र छापून आलं आणि पोरांना फार आवडलं म्हणे. मला ते अजिबात आवडलं नाही, कारण वाघ काढायला या माणसाकडे वेळ होता.

माझं दुखणं आता सांगूनच टाकतो. भाऊंनी स्टँडवरचा हमाल काढला, खारे शेंगदाणेवाला काढला, पोलीस काढला, फलाटावरची लंगडी कुत्रीसुद्धा तीन बाजूंनी काढली. हातभर अंतरावर बसणारा मी मात्र कधीच नाही! विचारलं की ठरलेलं उत्तर, "अरे इलास, तू का पयून राह्यला कुठी? तुले कवाबी काढता येते." म्हणजे मी या स्टँडचा खांबच झालो की नाही? वर्षानुवर्षं हे ऐकून माझं पित्त खवळलेलं आहे.

दुसरी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळे झाला. भाऊ लिहितात उजव्या हातानं आणि चित्रं काढतात डाव्या हातानं. जन्माचे डावरे. शाळेत मास्तरांनी डाव्या बोटांवर पट्ट्या मारमारून अक्षर उजव्या हातात घातलं. चित्रकलेच्या तासाला मात्र तेच मास्तर टेबलावर डोकं ठेवून झोपायचे, म्हणून चित्र डाव्यातच राहून गेलं. उजव्यानं गाड्यांची नोंद चालू असताना डाव्यानं त्याच गाडीतल्या खिडकीची बाई उतरवताना मी त्यांना पाहिलं आहे.

मग भाऊंच्या किडन्या बिघडल्या. पाय सुजले, तोंड सुजलं, चहा अर्ध्या कपावर आला. जो तो येऊन एकच सांगायचा, आराम करा. "आराम कराले मी का आमदार होय?" भाऊ खेकसायचे. घरी तरी कोण होतं? बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. कुणी काढा सांगायचा, कुणी बाबा सांगायचा. डेपोच्या मोठ्या साहेबांनी चित्रं बंद करा म्हणून सांगितलं, डोळ्यांवर ताण येतो म्हणे. किडनीचा आणि डोळ्याचा संबंध साहेबांनी कुठून काढला, देव जाणे.

डायलिसिस ठरलं. त्यासाठी हाताच्या शिरा जोडून घ्याव्या लागतात, आणि सुया पुढे त्याच हातात. म्हणून अमरावतीच्या डॉक्टरांनी आधी रीतसर विचारलं, "काका, लिहिता कोणत्या हातानं?"

भाऊ म्हणाले, "उजव्या."

डॉक्टरांनी शिरा डाव्या हाताच्या जोडल्या.

अरे काय माणूस आहे का कोण! पट्टी बांधून आले आणि केबिनमध्ये आदळआपट सुरू. "लिहाचं इचारलं त्यायनं. चित्राचं काहून नाई इचारलं?"

"तुमाले तोंड नोतं का?" मीही चिडलो. "सांगाचं ना, चित्र डाव्यानं काढतो म्हनून!"

"मले वाटलं, आता तरी कोनी सोताहून इचारीन," भाऊ म्हणाले. हात बरा झाल्यावर स्टँडवर ते डाव्यानं काढू लागले, पण डायलिसिसच्या वेळी तो हात हलवायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

सोमवार आणि गुरुवार अमरावतीला जायचं ठरलं. पहिल्या दिवशी परत आले ते थकून नव्हे, तर भडकून. "इलास, चार घंटे! चार घंटे मानसं पलंगावर! कोनी उठत नाई, कोनाची गाडी येत नाई. जनमभर मी अशी मानसं शोधून राह्यलो बे! आन आता भेटली त माहा हातच बांधून ठेवला!"

पुढच्या खेपेला त्यांनी पेन उजव्या हातात धरला. त्या हातानं आयुष्यात फक्त गाड्यांचे नंबर लिहिलेले. "भल्ला सरकारी हात हाय हा," भाऊ मला सांगायचे, "सांगतल्याबिगर सरकत नाई." शेजारच्या पलंगावर परतवाड्याच्या गिरजाबाई असायच्या. फुलांचा धंदा, जीभ अशी की ऐकत राहावं. पहिलं चित्र पाहून त्या म्हणाल्या, "हे मी होय? बापा, हे त भरताचं वांगं होय!" भाऊंना असा राग आला, असा राग आला, की पुढच्या सोमवारी बाईंना पुन्हा काढलं. गुरुवारी पुन्हा. बाई केसांत शेवंतीची वेणी माळून येऊ लागल्या. नथ नीट काढा म्हणून भांडू लागल्या. "माहा हात हलला त मशीन बोंबलते, तुमचा काहून हलून राह्यला?" असं विचारायच्या. हे सगळं भाऊ मला तणतणत सांगायचे आणि सांगताना त्यांचं तोंड उजळायचं. उजवा हातही सुधारत गेला. वांग्याची हळूहळू बाई झाली.

एका गुरुवारी भाऊ संध्याकाळीच परतले आणि सरळ केबिनमध्ये येऊन बसले. त्यांनी सोमवारचा कागद काढून टेबलावर ठेवला. गिरजाबाई हसत होत्या, हुबेहूब. वेणी अर्धीच होती.

"बाईचा पलंग रिकामा होता," भाऊ म्हणाले. मग एकदम उभे राहून ओरडले, "टायमाच्या आंधी गाडी सोडली! कोन सोडली? इचारून राह्यलो मी, कोन सोडली?"

बाहेर उभे असलेले दोन ड्रायव्हर एकमेकांकडे बघू लागले. मी त्यांना हातानंच जा म्हटलं. भाऊ डोळे पुसत नव्हते, त्यांनी ते वाहू दिले. फुटक्या काचेतून मी नुसता त्यांचा खांदा धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर आवाज आला, "इलास, इकडी ये. बस इथं. हलू नोको."

टेबलावर कोरा कागद होता आणि डाव्या हातात पेन. ज्याला कवाबी काढता येते, त्याला आज का? इतकी वर्षं काढलं नाही याचा राग होताच, आता काढायला घेतलं याचा त्याहून जास्त आला. तरी बसलो. भाऊ घाईत होते, दर रेघेनंतर घड्याळाकडे बघत होते. गाडी तर कुठलीच यायची नव्हती. कपाळ झालं, कान झाले. माझे कान असे आहेत हे मला माहीत नव्हतं. आणि मी उठलो.

"कुठी चालला?"

"खिडकीवर रांग लागली भाऊ."

"कुठी हाय रांग? कुत्रं नाई तिथं!"

पण मी गेलोच. तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. ते बोलावतात, मी बसतो आणि चार रेघा झाल्या की काहीतरी निमित्त काढून उठतो. भाऊ मला नाही नाही ते बोलतात, आणि मी ऐकून घेतो. अर्धं चित्र सोडून हा माणूस स्वतः कधी उठलेला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. बोलू दे काय बोलायचं ते.

परवा डोळे झाले आणि मी उठून सरळ फलाटावर गेलो. मागून अख्ख्या स्टँडभर माइक घुमला, "पास खिडकीवरच्या इलासनं जिथं असंन तिथून परत यावं! लोकहो, हा मानूस बेइमान हाय! याचं नाक राह्यलं हाय!" लोक माझ्या नाकाकडे बघायला लागले. मी अमरावतीच्या गाडीआड उभा राहिलो आणि आवाज बंद होईपर्यंत हललो नाही.

आज सोमवार. भाऊ अमरावतीला गेले आहेत. मघाशी तिथूनच फोन आला, पलंगावरून. "उद्या डुट्टीवर येऊन राह्यलो मी," म्हणाले, "आन उद्या तू उठला ना, त टांग तोडीन तुही."

मी म्हटलं, या तर खरं.