अजून कोंब नाही

माझ्या शेजाऱ्यांनी गेल्या बावीस वर्षांत मला निदान दोनशे वेळा तरी श्वास रोखायला लावलेला आहे. योगासनं वगैरे काही नाही. ते डेलियाच्या कटिंग घेतात, आणि ब्लेड कोंबाला लागण्याआधी अंगणात जो कुणी हजर असेल त्याला हुकूम सुटतो, "श्वास घ्या. रोखा. हलायचं नाही." मग ब्लेड फिरतं, बोटभर कोंब तळहातावर येतो आणि ते म्हणतात, "सोडा."

एकदा कुरियरवाला सापडला होता. तोही उभा राहिला बिचारा, पार्सल छातीशी धरून. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या गल्लीत नव्या माणसाला हे कुणी आधी सांगत नाही.

प्रभाकर हिरुळकर, वय एकोणसत्तर. सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं एक्स-रे काढले. गल्लीतली पोट्टी त्यांना 'एक्सरे अंकल' म्हणतात, आम्ही प्रभाकरभाऊ म्हणतो. नोकरीत त्यांना एकाच गोष्टीची मनाई होती. फोटोत काय दिसलं ते पेशंटला सांगायचं नाही, ते डॉक्टरचं काम. रिटायर झाल्यावर ही मनाई उठली, हे त्यांना बहुतेक कुणी कळवलेलं नाही. मी हौसेनं पोहे नेऊन द्यावे आणि विचारावं, "कसे झाले?" तर हे म्हणणार, "मी फक्त फोटो काढतो, वहिनी. रिपोर्ट डॉक्टर देतील." माझ्या भाचीला स्थळ आलं, मुलगा यांच्या चांगल्या ओळखीतला. म्हटलं, भाऊ, खरं सांगा, मुलगा कसा आहे? पाच मिनिटं विचार करून म्हणाले, "उंच आहे."

आता डेलियाचं सांगते. मी काही फुलवेडी बाई नाही. मी कोथिंबीर लावते ती भाजीत घालायला. पण भिंतीला भिंत लागून राहिलं की शेजाऱ्याचं वेड थोडंफार आपल्याही अंगात शिरतं.

डेलियाचे कंद दिसायला रताळ्यासारखे. एका जुन्या देठाला पाच-सहा लटकलेले. मार्चात ऊन तापलं की झाड वाळतं. मग प्रभाकरभाऊ कंद उकरतात, सावलीत सुकवतात आणि कोरड्या रेतीच्या पेट्यांत भरून स्वतःच्या पलंगाखाली ठेवतात. मे महिन्यात त्या घरात एकच कूलर चालतो आणि त्याचं तोंड पलंगाखाली असतं. पोळा झाला की पेट्या अंगणात येतात. ओलसर रेतीत कंद मांडायचे, पण मान वर ठेवून. मान म्हणजे देठाला कंद जिथे जुळतो ती जागा, कोंब तिथूनच येतो. मान बुडाली की सडली. पाणी द्यायचं ते इंजेक्शनच्या सिरिंजनं, कडेकडेनं. मी एकदा चांगल्या मनानं मगाभर पाणी ओतलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एरवीही फार बोलत होते असं नाही. पण या वेळी मुद्दाम बोलत नाहीयेत, हे त्यांची बायको मालतीताई मला येऊन सांगून गेली.

कंदाला नावाची चिठ्ठी असते, तीही कागदाची नाही, पावसानं लगदा होतो म्हणून. जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या कापून त्यांवर ते मार्करनं नंबर घालतात. त्यांनी दिलेल्या रोपाबरोबर आमच्या कुंडीत कुणाचं तरी मनगट आलेलं आहे. आमचे हे त्या कुंडीला पाणी घालत नाहीत.

कोंब बोटभर झाला की कापून रेतीत लावायचा, त्याला मुळं फुटली की कुंडीत. हे सगळं नवरात्राच्या आसपास उरकायला पाहिजे. उशीर झाला तर देठ पोकळ होतो, आणि पोकळ देठाला मुळं धरत नाहीत. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

मालतीताई होती तोवर त्या घरातलं बोलायचं खातं तिच्याकडे होतं. नातेवाईक, दूधवाला, पुण्याला दिलेली मुलगी मीनल, सगळ्यांशी तीच बोलायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि ते खातं बंद पडलं. मीनलचा फोन महिन्यातून एकदा, रविवारी. भिंत एकच असल्यामुळे मला ऐकायचं नसलं तरी ऐकू यायचं. आणि मला ऐकायचं असायचं. "जेवली? बरं. जावई? बरं. ठेवू?" एवढ्यात फोन संपायचा. मोरीत पाणी सोडून भांडी घासायला बसावं तर पहिली वाटी घासून होण्याआधी हे बापलेकीचं बोलणं आटपलेलं.

यंदा आषाढात प्रभाकरभाऊ बाथरूममध्ये घसरले. हाड मोडलं नाही, पण मीनल धावत आली, चार दिवस राहिली, रडली, आणि म्हणाली, बस झालं बाबा, आता कायमचे पुण्याला चला. सगळ्यांना वाटलं, हे म्हणणार रिपोर्ट डॉक्टर देतील. पण नाही. ते म्हणाले, "यंदाच्या कटिंग झाल्या की येतो." ठरलं. कटिंग गल्लीत वाटून टाकायच्या, घराला कुलूप लावायचं आणि गाडीत बसायचं. मी आपली "छान झालं हो" म्हणून घरी आले, आणि उगीचच सगळ्यांवर खेकसत बसले.

पोळा झाला. पेटी अंगणात आली. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला मीनलचा व्हिडिओ कॉल सुरू झाला. कंद दाखवायला प्रभाकरभाऊंना दोन्ही हात लागतात, म्हणून मोबाइल धरायला मी. साडेआठला माझी शाळा. पण सांगते कुणाला!

"बाबा, कोंब आला?"

"अजून नाही."

"पाणी ज्यादा तो नहीं हुआ?" मीनलची मराठी अशीच, अर्धी रायपूरच्या शाळेत राहिली.

"नाही. रेती पहा, कशी मोकळी आहे. मागच्या वर्षी गोळा होत होती." आणि मग ते बोलायचे. रेती कुठून आणली, कशी चाळली, पलंगाखाली रेती सांडली म्हणून मालती कशी झाडू घेऊन मागे लागायची. दहा-दहा मिनिटं! मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभी.

आठ दिवस झाले, पंधरा झाले, कोंब काही येईना. गल्ली हळहळायला लागली. भाजीवाली दुलारीबाई पेटीत डोकावून म्हणाली, "नजर लग गे हे, भैया." प्रभाकरभाऊ गंभीरपणे "हव" म्हणाले. तिनं दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरची आणून पेटीला बांधली, तीही त्यांनी बांधू दिली. विसाव्या दिवशी मलाच काळजी वाटायला लागली. एवढ्या वर्षांचे डेलिया, जाता जाता असे दगा देऊन राहिले, म्हणजे माणसाच्या जिवाला किती लागत असेल.

पितृपक्षात एका दुपारी आमची पाण्याची टाकी भरून वाहायला लागली म्हणून मी गच्चीवर गेले. आमची आणि त्यांची गच्ची लागून, मधे कमरेएवढी भिंत. त्यांच्या टाकीमागे हिरवी जाळी दिसली. पोळ्याआधी आले होते तेव्हा ही जाळी नव्हती. मी शिक्षिका आहे, मला झाकलेलं बघवत नाही. भिंत ओलांडून गेले आणि जाळी उचलली.

खाली तीन पेट्या. कंदाकंदावर चार-चार, पाच-पाच कोंब. टच्च, हिरवेगार.

मागे पावलं वाजली. प्रभाकरभाऊ, हातात सिरिंज.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"डेलिया."

"दिसून राहिलं मला. मग खालच्या पेटीत काय आहे?"

"तेही डेलियाच."

"त्याले काहून नाही कोंब आले?" रागावले की माझी भाषा माहेरी, अमरावतीला जाते.

"ते आंधळे आहेत, वहिनी."

मग मला आंधळा कंद म्हणजे काय ते कळलं. गठ्ठा फोडताना काही कंद नुसते तुटून येतात, मानेचा तुकडा त्यांना लागत नाही. कोंबाचा डोळा असतो मानेत. मान नाही तर डोळा नाही. असा कंद महिनोन् महिने रेतीत ताजातवाना पडून राहतो, पण जन्मात कोंब देत नाही. लोक असले कंद फेकून देतात. यांनी चौदा निवडून ठेवले होते, आणि मी वीस दिवस शाळेला उशीर करत त्यांच्यावर मोबाइल धरून उभी होते.

मला असा संताप आला! "पुण्याला जायचं नसेल तर तसं सांगा ना त्या पोरीले. फसवून काहून राहिले तिले?"

"जायचं नाही असं नाही."

"मग?"

"रिपोर्ट..."

"डॉक्टर गेले चुलीत! तुम्ही सांगा."

ते भिंतीवर बसले. सिरिंजमधलं पाणी थेंब थेंब पायावर गळत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं.

"आधी महिन्यातून एक फोन यायचा," ते म्हणाले. "आता रोज येते. आठ वाजता. कोंब आला म्हटलं की ती म्हणंल, चला, झालं, तिकीट काढते. संपलं बोलणं."

"अहो, पण तिच्या घरीच राहाल ना! मग चोवीस तास बोला."

"एका घरात कोण बोलते, वहिनी? मालतीशी मी चाळीस वर्षांत किती बोललो? तुम्ही तर भिंतीपलीकडेच होता, तुम्ही ऐकलंच आहे."

जाळी नीट घालून मी खाली आले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझाच फोन वाजला. मीनल.

"काकू, ऊपर वाले निकल आए ना?"

"कुठले वरचे? मला नाही बाई माहीत." मला खोटं बोलता येत नाही, पण मी प्रयत्न केला.

"काकू, खालचे चौदाच्या चौदा आंधळे आहेत. लहानपणी आंधळे वेगळे काढायचं काम माझंच होतं. पहिल्याच दिवशी दिसलं मला, एकालाही मान नाही. म्हणजे चांगले गच्चीवर लपवले असणार, दुसरी जागाच कुठे आहे?"

"अगं मग रोज काय विचारत असतेस, कोंब आला का, कोंब आला का?"

"और क्या पूछूँ, काकू?" ती म्हणाली. "तब्येत विचारली तर 'बरं', जेवण विचारलं तर 'बरं'. या कोंबावर ते बोलतात. परवा त्यांनी आईचं झाडूचं सांगितलं ना? आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आईचं नाव ऐकलं मी." मग ती थोडा वेळ रडली. मीही रडले, स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. नंतर नाक पुसून ती कामाचं बोलली. "वरचे किती मोठे झाले? देठ पोकळ व्हायच्या आत कटिंग घ्यायला लावा. माझं नाव नका सांगू. दिवाळीला मी येते, पुण्याचं तेव्हा बघू."

घटस्थापनेच्या दिवशी आम्ही दोघांनी गच्चीवर कटिंग घेतल्या. कोंब मोडतील की काय अशा भीतीनं प्रभाकरभाऊ अगदी हळू कापत होते. मी सगळं येत असल्यासारखं दाखवत एकेक रेतीत रोवत गेले. कुणी आम्हाला विचारलं नाही आणि आम्ही कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी आठ वाजता फोन आला. मी मोबाइल धरला. त्यांनी एकेक कंद उचलून दाखवायला सुरुवात केली.

"बाबा, थांबा. सात नंबर परत दाखवा. तिकडे वरती काहीतरी हिरवं दिसलं."

प्रभाकरभाऊ थबकले. चष्मा पुसला, कंद उजेडात धरला आणि सगळीकडून खरोखर पाहिला. मान नसलेला, गुळगुळीत कंद. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची हाडं पाहिलेला माणूस, आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा आली हो!

"नाही, बेटा," ते म्हणाले. "अजून नाही."

"ठीक आहे. घाई नाही. कल देखते हैं. बाबा, मला एक सांगा, हा सात नंबर आईनं कुठून आणला होता?"

आणि ते सांगायला बसले. मला शाळेला अर्धा तास उशीर झाला.

फोन ठेवल्यावर त्यांनी चौदाही कंद मऊ फडक्यानं पुसले. प्रत्येकाला बुरशी न लागायची पावडर चोळली, आणि नवी कोरडी रेती पसरून त्यावर एकेक अलगद ठेवायला लागले. मी चपला घालता घालता म्हटलं, "प्रभाकरभाऊ, कोंब तर यायचा नाही. मग यांची एवढी बडदास्त कशाला?"

त्यांनी वर पाहिलं. एवढी साधी गोष्ट मला कळू नये याचं त्यांना मनापासून नवल वाटलं होतं.

"हे सडले, वहिनी," ते म्हणाले, "तर उद्या मीनलले काय दाखवू?"