बहात्तर वर्षांचा खवा

आयुष्यात मी दोनच गोष्टी पारखायला शिकलो: तोफेचं पोलाद आणि दुधाचा खवा. पोलादासाठी सरकारनं पस्तीस वर्षं पगार दिला. खव्यात मात्र मला फसवणारा माणूस जबलपुरात जन्मलेला नाही, आणि जन्मला असेल तर त्यानं लाजेनं गाव सोडलं असेल!

म्हणून पुण्याचे व्याही येणार म्हटल्यावर मी जाहीर केलं, "आपल्या जबलपुरी खव्याच्या जलेबीसाठी खवा मी आणणार. शहपुऱ्याहून. स्वतः!"

"काहून?" माझी बायको सरोजिनी म्हणाली. "आपल्या दीक्षितपुऱ्यात खवा मिळत नाही?"

"मिळते. पण त्यात खवा सोडून सगळं असते."

खरं कारण वेगळंच होतं. आमची सून प्रणोती बँकेत आहे, आणि तिला पुण्याला बदली मिळून राहिली, असं मी दाराआडून ऐकलं होतं. (मी दाराआडून ऐकत नाही. दारच माझ्या कानाशी येतं.) ती गेली की मुलगा विनय जाणार, आणि घरात उरणार आम्ही दोघं आणि टीव्ही. व्याह्यांनी एकदा "चल पोरी" म्हटलं की खलास! पण माणसाच्या तोंडात दर दोन मिनिटांनी खव्याची जलेबी घातली, तर तो "चल" म्हणणार कसा? असा माझा बेत होता. आमच्या तोफांच्या कारखान्यात अशा डोक्याला बढती मिळायची.

सकाळी शहपुऱ्यात दहा किलो खवा घेतला. असा मऊ, की त्यापुढे लोण्यानं खाली मान घालावी! डबा बसच्या वरच्या फळीवर ठेवला आणि खाली पहारेकऱ्यासारखा उभा राहिलो. गाव सुटतं न सुटतं तोच आला गतिरोधक. ड्रायव्हरनं तो ओलांडला नाही, त्यावरून उड्डाण केलं! डबा फळीवरून निघाला. मी उजवा हात वर करून मागं नेला आणि डबा झेलला. खवा वाचला. पण खांद्यात "खटॅक!" असा आवाज आला, आणि हात माझा असून माझा राहिला नाही.

"दद्दा, कंधा उतर गओ!" शेजारचा पहिलवान आनंदानं ओरडला. "हम खींच दें?"

"खबरदार!" मी म्हणालो. बसवाल्यानं मला डब्यासकट मागं नेऊन एका दवाखान्यात सोडलं.

आता एक घरची गोष्ट सांगतो. आमचं घराणं अमरावतीकडचं. आमच्याकडे खांद्याच्या सांध्याला खवा म्हणतात. खवा दुखतो, खवा भरून येतो, खवा उतरतो. प्रणोती पुण्याची. तिच्या पुण्यात खवा फक्त मिठाईवाल्याकडे मिळतो. हे मला त्या दिवशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

मी डाव्या हातानं घरी फोन लावला. "प्रणोती, खवा उतरला!"

"अरे वा, बाबा! पोचलात स्टँडवर? नीट उतरवून घेतलात ना?"

"मी काहून उतरवीन? गाडीचा धक्का बसला, अन् आपल्या मनानंच उतरला!"

"सांडला?"

"सांडला नाही, लटकून राहिला."

"अगंबाई! मऊ पडलाय का?"

"मऊ कशाचा? वर खड्डा पडला, अन् गोळा पुढं आला!"

"गोळे झालेत… रंग कसा आहे?"

"निळा पडून राहिला."

"निळा? बाबा, आधी बर्फात ठेवा!"

"डॉक्टरही तेच म्हणून राहिल्या."

"डॉक्टर? म्हणजे कुणी खाल्लासुद्धा? बाबा, ऐका माझं, तो फेकून द्या!"

"फेकून देऊ?" माझा आवाज चढला. "अगं, बहात्तर वर्षांचा खवा आहे!"

पलीकडून बारीक आवाज आला, "बहात्तर वर्षांचा? आणि तो तुम्ही माझ्या आईबाबांना खायला घालणार होतात?"

उत्तर देणार, तेवढ्यात नर्सबाईंनी फोन काढून घेतला, पलीकडे दवाखान्याचा पत्ता सांगितला आणि मला एक्सरेला ढकललं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दंडाच्या वरच्या भागाला टाचणी लावली. "दद्दा, यहाँ पता चल रहा है?" पता चालेना! ते कातडं जणू शेजाऱ्याचं होतं. "घबराइए मत, नस दब गई है, लौट आएगी," त्या म्हणाल्या. मग मनगट वर करायला लावलं, बोटं पसरायला लावली. बाकी नसा शाबूत होत्या. दुखू नये म्हणून सुई टोचून झाल्यावर त्यांनी हात हळूहळू ओढत विचारलं, "दद्दा, नौकरी कहाँ करते थे?" मी छाती फुगवून "तोफ…" म्हणालो, आणि कट्ट! सांधा जागेवर! माझ्या किंकाळीनं अख्ख्या शहपुऱ्यातली कबुतरं उडाली, ती म्हणे अजून भेडाघाटला आहेत.

डोळे पुसून बाहेर आलो, तर विनय रिकामा डबा घेऊन उभा!

"खवा कुठं आहे?"

"मागच्या खड्ड्यात. प्रणोतीचा मेसेज होता. खवा विषारी आहे, आधी फेक, मग बोल."

तिकडे डॉक्टरांनी खवा बसवला, इकडे पोरानं खवा फेकला! खड्ड्यात सात कुत्री जेवत होती. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मला व्याह्यांच्या चेहऱ्यावर हवं होतं.

हात गळ्यात अडकवून घरी आलो. व्याही रामकृष्णराव दारातच होते. "नीलकंठराव, तो ऐतिहासिक खवा कुठे आहे?"

मी मान खाली घालून गळ्यातल्या हाताकडे बोट केलं. "हा."

प्रणोतीनं कपाळावर हात मारला. रामकृष्णराव मात्र उजळले. मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचना शिकवलेली! "वा! पुढून निखळला? अहो, खांदा म्हणजे बशीत ठेवलेलं लिंबू. सगळीकडे फिरतं, म्हणून सगळीकडे घरंगळतं! तीस वर्षं मी मेलेल्यांचे हात शिकवले. बोलता खांदा पहिल्यांदाच मिळाला!"

"बोलते तर खूपच," सरोजिनी म्हणाली.

त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि माझ्या धडधाकट हातावर सगळ्या नसा रेखाटल्या. पाच रूळ मानेतून सुटले, काखेत इटारसी जंक्शन झालं, तिथून एक गाडी अंगठ्याकडे, एक कोपराच्या मागून करंगळीकडे. कोपरावर टिचकी मारून करंगळीला झिणझिण्याही आणून दाखवल्या. दोन तास! बदलीचं नाव नाही!

हीच वेळ, असं समजून मी आवाज जमेल तेवढा केविलवाणा केला. "आता काही आठवडे असाच अधू मी. अशात पोरं पुण्याला गेली, तर…"

"कोण जातंय, बाबा?" प्रणोती म्हणाली. "बदलीला मी मागच्याच महिन्यात नाही म्हटलं. आईंना सांगितलं होतं की!"

मी सरोजिनीकडे वळलो. "मला काहून नाही सांगितलं?"

तिनं शांतपणे माझ्या गळ्यातली झोळी सारखी केली. "सून जाईल या भीतीनं तुम्ही महिनाभर सकाळचा चहा करून राहिले होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! मी काहून सांगू?"