मोटेची पिशवी

धाडच्या आठवडी बाजारात कंदिलाची काच हातात घेतलेला माणूस दिसला, की पिशव्यांचे दुकानदार आपला माल झाकू लागत. तो माणूस म्हणजे आमचे शेजारी तोतारामभाऊ, गावातले एकुलते एक फोटोग्राफर. पिशवी उचलायची, तिच्यात काच ठेवायची आणि कमरेच्या उंचीवरून सोडून द्यायची, ही त्यांची परीक्षा. काच फुटली की पिशवी नापास. मी शाळेत मास्तर असूनही इतका कडक निकाल कधी लावला नाही.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं. कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन तोतारामभाऊ गावोगावच्या लग्नांना एसटीने जात. कॅनव्हासच्या पिशव्या नापास झाल्या, पत्र्याची पेटीही झाली. "पेटी आदळते, गुरुजी," ते म्हणाले, "मले सांभाळनारं काही पायजे."

नवरदेव असो की सरपंच, समोर बसला की त्यांचं एकच वाक्य: "हासा, पन हालू नका." हे ऐकल्यावर माणूस हसायचंच विसरे. आमच्या गावातले सगळे जुने फोटो त्यामुळे रागावलेले दिसतात. माझ्या लग्नातला तर फारच.

त्या वर्षी आमच्या विहिरीवर इंजिन बसलं आणि मोट गोठ्यात पडली. तोतारामभाऊंनी तिचं चामडं दाबून पाहिलं, हुंगून पाहिलं आणि मागून नेलं. मग मोटा शिवणाऱ्या काशीरामचं चार दिवस डोकं खाऊन पिशवी करून घेतली. आत गोधडीचं अस्तर, कोपऱ्यात वीतभर वेगळा कप्पा. काच ठेवली, पिशवी सोडली. काच शाबूत राहिली आणि सगळ्या बाजाराने हुश्श केलं.

पुढे एकदा आम्ही दोघे बुलढाण्याच्या एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "पिशवी टपावर टाका."

"नाई टाकत."

"मंग तिचं तिकीट काढा."

"हाव, द्या."

"अर्धं देऊ का?" कंडक्टर हसत होता.

"अर्धं काऊन? पूरं द्या."

तिकीट खिशात ठेवून ते मला म्हणाले, "गुरुजी, खिडकी द्या न तिले."

"पिशवीला काय रान पाहायचंय?" मी म्हणालो.

त्यांनी कोपऱ्यातल्या कप्प्यातून फडक्यात गुंडाळलेली एक काच काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. ती निगेटिव्ह होती. एक बाई, चेहरा पार पुसट.

"आक्का हाय माही. माय गेल्यावर तिनंच वाढवलं मले. पयला कॅमेरा आनला तं तिलेच बसवलं. हासली, अन् हालली."

"मग कागदावर का नाही काढला?"

"कागदावर काढला तं भितीवर टांगा लागते. टांगला का हार घाला लागते." त्यांनी काच पुन्हा फडक्यात गुंडाळली. "गावात यस्टी आली, त्याच्या आदल्याच साली गेली. तिले यस्टीत बसाची लय हौस होती."

मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. मी उठून खिडकीची जागा दिली. त्यांनी काच कप्प्यात ठेवली आणि पिशवी तिथे नीट बसवली.

गाव सुटलं तशी एसटी खड्ड्यांतून गदगदू लागली. तोतारामभाऊंनी पिशवीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "हाल आता, आक्का. किती हालाचं ते हाल."