वल्लरीचा बस्ता

एका जंगलात, बाळांनो, वल्लरी नावाची एक चितळीण राहत होती. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा नदीपलीकडचा, सारंग नावाचा चितळ, घरचं कुरण असलेला. कुरण केवढं, असं लगेच विचारू नका. तुमच्या घरी आधी तेच विचारतात, मला माहीत आहे.

वल्लरीचा मागचा डावा पाय अधू होता. लहानपणी ती खडकावरून पडली होती. चालायची, पण लंगडत, आणि अंगावर ओझं आलं की पाय ठणकायचा. लग्नात तिची एकच इच्छा होती. सप्तपदीची सात पावलं कोणाचा आधार न घेता स्वतःच्या पायांनी चालायची. म्हणून ती म्हणाली, "आई, मला हलकी सुती साडीच घे. बस्त्याला आपण दोघीच जाऊ या."

बस्ता म्हणजे लग्नाचे सगळे कपडे एकाच दुकानात बसून एकदम घ्यायचे. त्याला दोघींनी जायचं असतं का? लोक काय म्हणतील? आई हो म्हणाली आणि लगेच आत्याला सांगून आली.

आत्या नीलगाय होती. चितळाची आत्या नीलगाय कशी, हे विचारायचं नाही. जिला मान द्यावा लागतो ती आत्या. आत्याला सांगितलं म्हणून मावशीला सांगावं लागलं. मावशी होती साळिंदर. रुसली की तिचे काटे उभे राहायचे, आणि रुसायला तिला कारण लागत नसे. मुलाकडून सासूबाई आल्या. राहता राहिली बिजली माकडीण, वल्लरीची जिवलग मैत्रीण. तिला मात्र वल्लरीनेच बोलावलं. आपल्या बाजूने एक तरी बोलेल, असं तिला वाटलं. भाबडी होती बिचारी.

दुकान सुगरणीचं होतं. जंगलात विणकाम तिच्याइतकं कोणाला जमत नाही. दुकानात पांढरी गादी अंथरलेली. अर्ध्या गादीवर आत्या बसली. उरलेल्या अर्धीवर मावशी बसली, आणि तिच्यापासून जपून अंतर ठेवून बाकीच्या बसल्या. वल्लरीला जागा उरली नाही. मग तिला दाराबाहेर चपला राखायला बसवलं. खुरं असणाऱ्यांना चपला कशाला, असं तो मागचा ससा विचारतोय. गप्प बस रे. लग्नकार्यात असतात.

आत साड्यांचा ढीग पडला. आत्याला तिच्या लग्नात झिरझिरीत शालू मिळाला होता. तो राग ती आज काढत होती. जी साडी समोर येईल तिला ती हलकी म्हणायची. मावशीने हात लावला की साडीचा धागा निघायचा, मग ती म्हणायची की मालच कच्चा आहे. सासूबाई सारख्या म्हणत होत्या, आमचं काही म्हणणं नाही. असं म्हणत म्हणत त्यांनी अकरा साड्या नापसंत केल्या. बिजली प्रत्येक साडीचा फोटो ग्रुपवर टाकत होती. जन्मात अंगावर चिंधी न घातलेल्या एका सुसरीने पदराच्या रंगावर आपलं मत कळवलं, आणि ते विचारातही घेतलं गेलं.

शेवटी सुगरण कंटाळली. तिने विचारलं, "नवरीला काय हवंय?"

असा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता.

"तिला काय हवं असणार?" आत्या म्हणाली. "ती आमच्या शब्दाबाहेर नाही."

आईने दाराकडे पाहिलं. तिला पाय आठवला, सुती साडी आठवली. ती बोलणार होती. तेवढ्यात सासूबाई पुन्हा म्हणाल्या की आमचं काही म्हणणं नाही, आणि आईने तोंड मिटलं. मला या आईचा आजही राग येतो.

मग एक शालू निघाला. तो कोणालाच आवडला नाही. एकीला आवडलेलं दुसरीला चालत नव्हतं, त्यामुळे कोणालाच न आवडलेल्या शालूवर लगेच एकमत झालं. त्यावर जरीकाम एवढं की तो उचलायला दोघी लागल्या. बिजली तो खांद्यावर टाकून, धापा टाकत, बाहेर दाखवायला आली.

"बिजले, हा मला पेलणार नाही गं," वल्लरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"अगं, फोटोत वजन कुठे दिसतं?" बिजली म्हणाली.

लग्नाचा दिवस आला. माळा घालून झाल्या, अक्षता पडल्या. बगळेभटजी डोळे मिटून मंत्र म्हणत होते. सप्तपदीची वेळ झाली आणि वल्लरीला उठताच येईना. सगळ्या जणी काळजीने धावल्या. शालूची एक निरी सुटत होती ना.

सारंग खाली वाकला. "पाय दुखतोय का?" त्याने हळूच विचारलं.

लग्न ठरल्यापासून हे विचारणारा तो पहिलाच.

"हा उतरवला तर चालेन मी," ती म्हणाली.

"मग ठेव उतरवून."

जरीकाम टोचतं म्हणून आत तिने हळदीची जुनी सुती साडी नेसली होती. ती शालूतून अलगद बाहेर सरकली. शालू इतका कडक होता की तसाच पाटावर बसून राहिला. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. आत्याने त्याचा पदर नीट पसरला. मावशीने लांबूनच त्याची दृष्ट काढली. बिजलीने त्याच्यासोबत चाळीस फोटो काढले. सासूबाईंनी त्याला सांगितलं की आमचं काही म्हणणं नाही.

अग्नीच्या पलीकडे वल्लरी चालत होती. लंगडत, पण स्वतःच्या पायांनी. पाचव्या पावलाला पाय लटपटला. सारंगने हात पुढे केला नाही, कारण तिने मागितला नव्हता. तो नुसता थांबला. ती सावरली आणि तिने उरलेली दोन पावलंही टाकली. आईने ते पाहिलं. या खेपेला तिने कोणालाच सांगितलं नाही, कोपऱ्यात उभी राहून पोटभर रडून घेतलं.

मग पाठवणी झाली. आत्या शालूच्या गळ्यात पडून हुंदके देत होती. माहेरची आठवण ठेव, असं त्याला बजावत होती. तोवर ती दोघं नदी उतरून पलीकडे गेलीसुद्धा.

तात्पर्य : बस्त्याला सगळ्या जणींना न्यावं आणि शालू त्यांनाच निवडू द्यावा. त्या शालूत गुंतल्या की नवरीला निवांतपणे लग्न करता येतं.